मार्थेची बाजू : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायाच्या अखेरीस, पाच वचनांची एक छोटी गोष्ट आहे. येशू एका गावात येतो. मार्था नावाची बाई त्याला आपल्या घरी उतरवून घेते. तिची बहीण मरीया त्याच्या पायांशी बसून त्याचे बोलणे ऐकत राहते. मार्था कामाने मेटाकुटीला येते आणि पाहुण्यालाच विचारते, बहिणीने सगळे माझ्यावर टाकले याचे तुला काहीच वाटत नाही का? तिला माझ्या मदतीला यायला सांग. येशू मार्थेला दोनदा नावाने हाक मारतो. तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, गरज एकाचीच आहे, मरीयेने चांगले ते निवडले आहे आणि ते तिच्याकडून काढून घेतले जाणार नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. गोष्ट तिथेच तुटते. मार्था मग बसली का, चुलीवरचे उतरवले का, पाहुणा जेवला का, हे लूक सांगत नाही. मरीया तर या सबंध प्रसंगात एक शब्दही बोलत नाही.

सेवेची धावपळ आणि एकांतातली भक्ती यांचा मेळ कसा घालायचा, या प्रश्नावर ख्रिस्ती जगात जे काही लिहिले-बोलले गेले त्यातले बरेचसे या पाच वचनांभोवती फिरते. दोन वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या चर्चमध्ये मी याच उताऱ्यावरचा उपदेश ऐकला. उपदेश चांगला होता. आपण सगळे मार्था झालो आहोत, थोडे मरीया व्हायला शिका, असा त्याचा रोख. उपासना संपल्यावर मागच्या खोलीत चहा आणि उपमा होता. तो करणाऱ्या चौघीजणींनी उपदेश ऐकलाच नव्हता, कारण त्या वेळी त्या कांदा चिरत होत्या. त्यांतल्या एकीला मी सहज विचारले, आज वचन कोणते होते? ती म्हणाली, "भाऊ, भांडी झाली की विचारते कुणालातरी."

त्या दिवशी घरी येऊन मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढली. हे पुस्तक मी किती वेळा वाचले याचा हिशेब नाही. माझी उमेदीची वर्षे छापखान्यात प्रुफे तपासण्यात गेली, आणि ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास मी जुन्या बाजारातली पुस्तके चाळत, कुणाचे बोट न धरता केला. त्यामुळे पुढचे विवेचन कोणत्या संप्रदायाचे किंवा विद्यापीठाचे नाही. मार्था-मरीयेची चौकटही माझी आहे, लक्ष्मीबाईंची नव्हे. पण ती लावून पाहिल्यावर या पुस्तकातले जे एरवी विनोद म्हणून हसून सोडून देतो ते निराळे दिसू लागते, आणि लूकची गोष्टही निराळी दिसते.

आधी त्या गोष्टीच्या जुन्या वाचनाविषयी थोडे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनपासून मार्था म्हणजे कर्ममय जीवन आणि मरीया म्हणजे चिंतनमय जीवन अशी वाटणी झाली. ऑगस्टीनने ती पक्की केली. पुढे मठांमध्ये राहणाऱ्यांना आपल्या जीवनाचे समर्थन या वाटणीत सापडले, आणि मार्था कायमची दुय्यम झाली. मूळ ग्रीक मजकुरात मार्थेच्या कामाला 'डायकोनिया' हा शब्द आहे. याच शब्दाच्या घराण्यातून चर्चमधल्या 'डीकन' या पदाचे नाव आले. म्हणजे शब्द हलका नाही. तिच्या अवस्थेसाठी जे क्रियापद वापरले आहे त्याचा अर्थ 'चहूबाजूंनी ओढली जाणे' असा आहे. टीका आहे ती या ओढाताणीवर, कामावर नव्हे. शिवाय लूकने ही गोष्ट ठेवली आहे कुठे, तर चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्ताच्या लगेच पुढे. जखमी वाटसरूच्या जखमा बांधणाऱ्यासारखे तूही जाऊन कर, असे सांगून झाल्यावर मार्थेचे दार उघडते, आणि ते बंद होताच अकराव्या अध्यायात येशू शिष्यांना प्रार्थना शिकवतो. एका बाजूला सेवा, दुसऱ्या बाजूला प्रार्थना, मधोमध हे घर. लूकसारखा विचारी लेखक हे उगाच करत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातली मार्था तर वेगळीच आहे. तिच्या गावाचे बेथानी हे नाव आपल्याला तिथूनच कळते. भाऊ लाजर मेल्यावर वेशीकडे पुढे होऊन येशूला गाठते ती मार्था, आणि तूच ख्रिस्त आहेस हा कबुलीजबाब देते तीही मार्थाच. नंतरच्या मेजवानीत ती पुन्हा वाढायला उभी असते, पण आता तक्रार नाही. एकाच बाईचे हे दोन टप्पे उपदेशकांनी एकत्र वाचले असते तर तिची इतकी उपेक्षा झाली नसती.

उलटे वाचणारेही झाले. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जर्मनीत माइस्टर एकहार्टने मार्थेलाच पिकलेली, मुरलेली साधक ठरवले आणि मरीया अजून शिकाऊ आहे असे म्हटले. आविलाच्या तेरेसाने १५७७ मध्ये लिहिलेल्या 'अंतर्यामीचा किल्ला' या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात, अगदी शेवटच्या दालनात पोचल्यावर, दोघी बहिणींनी मिळूनच प्रभूचे आतिथ्य करायला हवे असे सांगितले. तिचा प्रश्न अगदी घरगुती आहे : मरीया सदा पायांशीच बसून राहिली आणि बहिणीने हात लावला नाही, तर त्याला जेवायला घालणार कोण? तेरेसा मठ उभारीत स्पेनभर हिंडलेली, कर्जे आणि कज्जे सांभाळलेली बाई होती. असा प्रश्न तिलाच सुचावा यात नवल नाही.

मला हा प्रश्न कळीचा वाटतो. सेवा आणि भक्ती यांचा तोल हा बहुतेक वेळा एका माणसाच्या दिवसाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. इतके तास काम, इतके तास मनन. पण घर असो की संस्था, एकाच्या मननाचे तास दुसऱ्या कुणाच्या तरी कष्टांवर उभे असतात. तोल एका मनात सांभाळायचा नसतो, तो माणसामाणसांत वाटलेला असतो, आणि बहुधा असमान वाटलेला असतो. मराठीत हे ज्या पुस्तकाने सर्वांत स्पष्ट दाखवले ते म्हणजे 'स्मृतिचित्रे'. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या, मग परतल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने संसार मांडला गेला. टिळक शिकवत, उपदेश करत, कीर्तने करत, कविता लिहीत. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे काम त्यांच्याकडे आले. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली त्यांची पदे आजही महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये म्हटली जातात. आणि या सगळ्याच्या पाठीमागे एक घर होते. तिथे पाहुण्यांचा राबता मोडत नसे, पोरकी मुले येऊन राहत, पैसा हातात आला की टिळक तो कुणाला तरी देऊन मोकळे होत. बालकवी ठोमरे याच घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवले. मराठी निसर्गकवितेच्या इतिहासात या स्वयंपाकघराची नोंद एखाद्या वाक्यापलीकडे कुणी करत नाही.

टिळक मरीयेसारखे होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. मिशनच्या व्यवस्थेत तेही मार्थाच होते. शाळा, समित्या, पत्रव्यवहार, पगार, अहवाल या सगळ्याने ख्रिस्ताची सेवा होते आहे की संस्थेची, हा प्रश्न त्यांना छळू लागला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे मानणाऱ्या माणसाला तो पडणे अटळ होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे यावेत अशी कल्पना होती. मराठी ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात हे धाडसाचे पाऊल आहे आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. मात्र पगार सुटला तरी चूल सुटत नाही. टिळक धावपळीतून एकांताकडे वळले, तेव्हा त्यांनी खाली ठेवलेली धावपळ नाहीशी झाली नाही. ती घरातल्या दुसऱ्या माणसाच्या पदरात पडली.

इथे मराठी वाचकाला आवली आठवल्याशिवाय राहणार नाही. तुकोबा भंडाऱ्यावर, आणि भाकरी बांधून त्यांना शोधत डोंगर चढणारी जिजाई उर्फ आवली. संतचरित्रांनी तिला कजाग ठरवले आणि एका कडेला ठेवून दिले. टिळकांच्या घरात फरक इतकाच झाला की आवलीला लिहिता येऊ लागले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर, टिळकांकडूनच झाली. मुलाच्या, देवदत्तांच्या आग्रहावरून त्या आठवणी लिहू लागल्या, त्याही टिळकांच्या चरित्राला उपयोग व्हावा म्हणून. चरित्राची सामग्री म्हणून सुरू झालेले लिखाण लिहिणारीचेच पुस्तक होऊन बसले.

आजवर या पुस्तकाचे कौतुक झाले ते त्यातल्या विनोदासाठी, निर्मळपणासाठी, बोलीच्या गोडव्यासाठी. सगळे खरेच. पण या कौतुकात एक गृहीत लपलेले असते : अध्यात्म टिळकांचे, संसार लक्ष्मीबाईंचा, त्यांनी देवाचा शोध घेतला, हिने त्या शोधाच्या गमती सांगितल्या. मला हे गृहीत मान्य नाही, आणि याचे कारण तो विनोदच आहे.

मार्थेची चूक काय होती? काम करणे नव्हे. ती तक्रार करते तेव्हा तिला फक्त आपले कष्ट आणि बहिणीचे बसणे दिसते. स्वतःकडे पाहायला जी एक पाऊल मागची जागा लागते ती तिच्याजवळ त्या क्षणी नसते. लक्ष्मीबाईंजवळ तक्रारीला मार्थेपेक्षा किती तरी अधिक कारणे होती. नवरा न सांगता घरातून निघून जातो, तापट आहे, धर्म बदलतो तेव्हा बायकोला विश्वासात घेत नाही, हाती आलेला पैसा वाटून टाकतो. या प्रत्येकाविषयी त्यांनी लिहिले आहे, काही झाकलेले नाही. परंतु त्या लिहितात तेव्हा चित्रात टिळकांइतक्याच त्या स्वतःही हास्यास्पद असतात. परत आल्यावर त्यांनी काही काळ सोवळे सांभाळले, ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याच्या घरात आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. त्यासाठी केलेल्या खटपटी त्या अशा सांगतात, की वाचणारा हसतो ते त्यांच्याबरोबर, त्यांना नव्हे. ते सोवळे सुटले तेही कुणा उपदेशकाच्या बोलण्याने नाही, एकटीने विचार करून. जात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनात सोडवला. मठ नाही, एकांतवास नाही, आणि घडते ते मात्र मनन.

स्वतःच्या रागाकडे आणि कष्टांकडे असे हसून पाहता येणे याला मी पायांशी बसणे म्हणतो. काम थांबलेले नसते, ओढाताण थांबलेली असते. एकहार्टला मार्थेत जे दिसले आणि ज्याला त्याने बरेच अवघड तत्त्वज्ञान चिकटवले, ते 'स्मृतिचित्रे'च्या कोणत्याही पानावर साध्या मराठीत सापडते.

कुणी म्हणेल, हे बाईच्या सोसण्याला अध्यात्माचा मुलामा देणे झाले. हा आक्षेप मी स्वतःवरही घेतला आहे. सोसणाऱ्याचे हसणे पाहून सोसायला लावणाऱ्याला सोडून देणे हा आपला जुना रोग आहे. पण लक्ष्मीबाई हसतात म्हणून हिशेब सोडत नाहीत. कोण केव्हा निघून गेले, घरात त्या वेळी काय होते आणि काय नव्हते, याची नोंद त्या चोख ठेवतात. लूकने मार्थेला एक तक्रार बोलू दिली. लक्ष्मीबाईंनी ती चार भागांत सांगितली, आणि ज्याच्याविषयी ती होती त्याच्यावरची माया रेसभरही कमी होऊ दिली नाही.

याच प्रश्नाचे दुसरे मराठी उत्तर केडगावला दिसते. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत घरातली वाटणी उरलीच नव्हती. १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन, मग पुणे, आणि १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो निराधार मुली आणि बायका. शेती, विणकाम, छापखाना, शाळा, दवापाणी असा अहोरात्र चाललेला व्याप. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी जागृती झाली. नेमाचे वर्ग काही काळ बाजूला पडले, मुली तासन् तास प्रार्थनेत राहू लागल्या. या घटनेचे वर्णन करणारे बहुतेकजण आत्म्याच्या सामर्थ्याविषयी लिहितात. मी वाचताना मात्र सारखा मुदपाकखाना शोधत असतो. इतक्या माणसांची भाकरी त्या दिवसांतही कुणीतरी थापलीच असणार. कोण होत्या त्या, आणि त्यांच्या प्रार्थनेची वेळ कोणती होती?

रमाबाईंचे स्वतःचे उत्तर मला त्यांच्या बायबलच्या भाषांतरात दिसते. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत चालवले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तो मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापला गेला. ज्याने खिळे जुळवले आहेत किंवा जुळाऱ्याशेजारी बसून प्रुफे वाचली आहेत त्याला ठाऊक असते, की अक्षर न् अक्षर इतक्या सावकाश दुसऱ्या कोणत्याही वाचनात डोळ्यांखालून जात नाही. वचन ऐकणे आणि हातांनी काम करणे तिथे निराळे राहत नाही. हे मी अनुभवाने सांगतो, अर्थात माझ्या वाट्याला आली ती बहुतेक पंचांगे आणि लग्नपत्रिका.

तरीही रमाबाईंचा मार्ग सर्वसामान्य संसारी माणसाला दूरचा वाटतो. त्या संस्थेच्या धनी होत्या, स्वतःच्या वेळेच्या धनी होत्या. लक्ष्मीबाई स्वतःच्या वेळेच्या धनी कधी झाल्या, हे पाहण्यासाठी 'ख्रिस्तायना'कडे वळावे लागते.

ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र हे टिळकांचे मोठे स्वप्न. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले तेव्हा त्यांच्या हातून सुमारे ११ अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारीत नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा एक अध्याय उरला होता. तो देवदत्तांनी लिहिला आणि ७६ अध्यायांचे 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडे सरळ आहेत. तरी बोलताना, आणि पुष्कळदा लिहितानाही, आपण 'टिळकांचे ख्रिस्तायन' म्हणतो आणि लक्ष्मीबाईंनी ते 'पुरे केले' असे म्हणतो. पाच-सहा पट मजकूर लिहिणाऱ्या बाईच्या कामाला 'पुरे करणे' म्हणायचे, हा शब्द स्वयंपाकघरातलाच आहे. नवऱ्याने अर्धवट टाकलेले बायकोने आवरले.

रचनेच्या सफाईत टिळक वरचढ आहेत, हे मान्य करायलाच हवे. त्यांच्या ओवीला संस्कृत काव्याचे वळण आहे, उपमा भारदस्त आहेत. लक्ष्मीबाईंची ओवी अनेकदा सपाट होते, यमकासाठी अडखळते. ६४ अध्यायांत असे पुष्कळ ठिकाणी होते आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्यांची ओवी थांबत नाही. ती गोष्ट सांगणाऱ्या बाईची ओवी आहे. जात्याशी बसलेल्या बाईला दळण संपेपर्यंत गाणे पुरवायचे असते, तशी. टिळकांचे अध्याय वाचताना कवी दिसतो. लक्ष्मीबाईंचे वाचताना लिहिणारीचा विसर पडतो आणि ख्रिस्त चालताना, जेवताना, लोकांच्या घरी जाताना दिसतो. भक्तिकाव्याने याहून अधिक काय करायचे, हे मला माहीत नाही.

आणि या ६४ अध्यायांच्या काळात त्या रिकाम्या नव्हत्या. वैधव्य होते, मुलाचा संसार होता, आपल्या म्हटलेल्या माणसांचा गोतावळा होता, 'स्मृतिचित्रे'चे लेखनही त्यातच. बसायला मिळाले म्हणून लिहिले असे झालेले नाही.

सध्या मी माझ्या प्रतीत अकराव्या अध्यायाच्या आसपासचा सांधा पुन्हा पुन्हा वाचतो आहे. प्रुफे वाचणाऱ्याची सवय अशी, की दोन जुळाऱ्यांनी जुळवलेले पान असेल तर हात कुठे बदलला ते डोळ्यांना कळते. इथे शब्दांचा भारदस्तपणा उतरलेला कळतो, वाक्य लहान झालेले कळते. नेमकी ओवी कोणती, यावर अजून बोट ठेवता आलेले नाही. पेन्सिलीच्या खुणा करून ठेवल्या आहेत. परवा पुन्हा त्या चर्चमध्ये गेलो तेव्हा पुस्तक पिशवीत होते. उपासनेनंतर मागच्या खोलीत भांडी विसळणाऱ्या त्या बाईंना बाराव्या अध्यायातल्या थोड्या ओव्या वाचून दाखवल्या. हात न थांबवता त्यांनी ऐकल्या, आणि मधेच म्हणाल्या, "हे कुणी बाईने लिहिलंय का?"